राजाबाईची राखण

१

शे-दीडशे मेंढरं एका जागी बसून रवंथ करतात तेव्हा एक आवाज होतो. वाळल्या पाचोळ्यावर बारीक पाऊस पडत राहावा तसा. लहानपणी मी त्या आवाजावर झोपलो. आईचं गाणं मला आठवत नाही. हा आवाज आठवतो.

आम्ही धनगर, सांगोल्याकडच्या कोरड्या रानातले. रात्री मेंढरं बसवायची, भोवती जाळीचं वाघूर लावायचं आणि त्याच्या कडेला राखणीला एकानं बसायचं. बाकीचे झोपायचे. राखण बदलायची आमच्यात एक रीत होती. बसलेल्यानं उठायचं, अंगावरचं घोंगडं पुढच्याच्या खांद्यावर टाकायचं आणि निघून जायचं. बोलायचं नाही, एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं नाही. आवाज झाला की मेंढरं बिचकतात. आणि बाहेर कोणी टपून असेल तर त्यालाही कळतं, की एक उठला आणि दुसरा अजून नीट बसलेला नाही. घोंगडं ज्याच्या खांद्यावर, राखण त्याची. ते दुसऱ्याला दिल्याशिवाय डोळा मिटायचा नाही.

एकदा मी आप्पाजवळ, म्हणजे माझ्या बापाजवळ, राखणीला बसलो होतो. बसल्या बसल्या रवंथ थांबला. एक एक मेंढरू थांबत गेलं असं नाही. सगळा कळप एका दमात गप्प झाला. कुत्री भुंकली नाहीत. वारा नव्हता. आप्पानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो गार होता. मग केव्हातरी रवंथ पुन्हा सुरू झाला.

सकाळी मी विचारलं, लांडगा होता का?

आप्पा म्हणाला, "लांडगा आला की मेंढरं पळत्यात. गप होत न्हाईत."

म्हातारपणी झोप कमी होते असं लोक म्हणतात. माझी त्याच्या पुष्कळ आधी गेली. ती कशी गेली ते सांगतो.

२

बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. काही मेली, उरलेली मिळेल त्या भावानं खाटकाला दिली. मी आणि माझी बायको अंबू सोलापूरला आलो. मला गिरणीत रातपाळी मिळाली. एका खोलीचं घर मिळालं. गल्लीत दिवसभर यंत्रमाग धडधडायचे, पण आमच्या भिंतीला लागून नरसय्याचा हातमाग होता. नरसय्या तेलुगू, पद्मशाली, माझ्याहून थोर. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचा आणि पातळं विणायचा. खट्‌ खटाक्‌, खट्‌ खटाक्‌. पहिले दिवस अंबूला तो आवाज नको व्हायचा. मग तो थांबला तर नको व्हायला लागलं.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग अंबूच्या अंगावरून जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पिशवीचा कॅन्सर आहे. आम्ही ते नाव घेत नसू. 'तो रोग' म्हणायचो. मिरजेला नेलं. तिथं बायकांच्या वॉर्डात तिला ठेवून घेतलं आणि मशीनचा शेक द्यायला लागले. लोक त्याला लाईट घेणं म्हणतात. मला रजा मिळेल तसा मी जायचो. अंबूनं बरोबर तिचं काळं घोंगडं नेलं होतं, लग्नात तिच्या बापानं दिलेलं. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर ते फार काळं दिसायचं.

शेवटचा शेक झाला. डॉक्टर म्हणाले, रोग गेला. त्याच दुपारी मी तिला घेऊन निघालो. घाई झाली, कारण गाडी गाठायची होती. वॉर्डातून निघताना ती दारात थांबली आणि मागं वळून बघायला लागली. मी म्हणालो, चल. ती आली.

गल्लीतल्या बायांनी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. मी नव्या पेठेत जाऊन पेढे आणले. लेक अकलूजला दिलेली, ती दुखण्यात येऊन राहिली होती, ती तिच्या घरी गेली. शेजारच्या बाया आळीपाळीनं अंबूजवळ बसायच्या, त्यांचं बसणं थांबलं. दुखणं संपलं म्हटल्यावर माणसं आपापल्या झोपेला गेली. त्यात कुणाचं काही चुकलं नाही.

३

मी सकाळी पाळीवरून यायचो तेव्हा अंबू उठलेली असायची. नरसय्याच्या भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसलेली. चहाचं आधण ठेवलेलं. मला बरं वाटायचं. अंगात बळ आलं म्हणून लवकर उठते, असं मी धरून चाललो.

चैत्र लागला. सोलापूरचा चैत्र म्हणजे भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एका सकाळी मी दारात चपला काढता काढता बघितलं, की अंबूच्या खांद्यावर घोंगडं आहे.

मी विचारलं, थंडी वाजते का, ताप आहे का? कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. मग माझं लक्ष अंथरुणाकडं गेलं. आदल्या सांजेला मी जसं घालून गेलो होतो तसंच ते होतं. वाकळेवर एक वळी नव्हती.

त्या दिवशी मी झोपेचं सोंग घेऊन पडलो आणि तिच्याकडं बघत राहिलो. ती डुलकी घेत नव्हती. पापण्या जड व्हायच्या, मान कलायची आणि कोणी हाक मारल्यासारखी ती सरळ व्हायची. मग पुन्हा दाराकडं बघायची.

डॉक्टरांना दाखवलं. चांगला माणूस. म्हणाला, असं पुष्कळ जणांना होतं. उपचार चालू असतो तोवर माणूस टिकून राहतो, संपला की झोप उडते. भीती आत बसलेली असते. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिचे हातपाय ढिले पडले, डोळे उघडेच. यल्लव्वा, म्हणजे नरसय्याची बायको, दुधात जायफळ उगाळून द्यायची. मी तळपायांना तेल चोळायचो. सिद्धेश्वराचा अंगारा लावला. अंबू कशालाही नको म्हणाली नाही.

नरसय्या मला हसवायला म्हणायचा, "ज्ञानबा, तुझी बायको तुझ्याहून जास्त रातपाळ्या करते. गिरणीत तिलाच घाल, तू घरी झोप."

मी हसायचो. मग तो माग चालवायला लागायचा आणि भिंतीपलीकडून त्याचं हसू ऐकू यायचं नाही.

४

एक दिवस ती नळावर पडली. घागर फुटली नाही म्हणून यल्लव्वाला आधी कळलंच नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रोगातून वाचलेली बाई झोपेवाचून जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं.

घरी आणून तिला पाठीला आधार देऊन बसवलं आणि मी विचारलं, तू घोंगडं का सोडत नाहीस?

ती म्हणाली, "ते माझ्याकडंच ऱ्हायलं की."

मग हळूहळू सांगत गेली. वॉर्डात कुणालाच झोप लागायची नाही. शेजारच्या खाटेवरची एखादी बाई सकाळी उठत नसे आणि तिला न्यायला माणसं यायची. मग बाकीच्यांना वाटायचं, डोळा मिटला की आपलंही तसंच. तेव्हा अंबूनं आपल्या माहेरची रीत काढली. म्हणाली, मी राखणीला बसते, तुम्ही झोपा. आणि बाया खरंच झोपल्या. अर्धी रात्र अंबू बसायची, मग उठून खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईच्या खांद्यावर घोंगडं टाकायची आणि येऊन निजायची. त्या बाईचं नाव राजाबाई. पहाटे ती अंबूच्या खांद्यावर घोंगडं आणून टाकायची. एक शब्द बोलायची नाही.

"रीत कुणी शिकवली तिला?" मी विचारलं.

"कुणी न्हाय. तिला ठावंच हुती."

आम्ही निघालो ती दुपार होती. राजाबाई खाटेवर नव्हती. घोंगडं अंबूच्या अंगावर, आणि ते कुणाला द्यायचं राहून गेलं. एवढीच चूक. दुसऱ्या कुठल्या बाईनं ते घडी करून पिशवीत घातलं असतं आणि विसरली असती. आमच्यात तसं होत नाही.

मी म्हणालो, "मग आन हिकडं. मी बसतो."

"तुमच्याकडं कसं दिऊ? राखण राजाबाईची हाय."

"अगं, पर हितं मेंढरं कुटं हायत? कशाची राखण करतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे लाल, आणि त्यात माझ्याबद्दल दया होती असं मला वाटलं.

"ज्या निजल्यात त्यांची," ती म्हणाली.

ती मोरीत गेली तेव्हा मी घोंगडं खांद्यावर घेतलं आणि भिंतीला टेकून बसलो. ती आली. लहान पोराच्या हातातली विळी काढून घ्यावी तसं तिनं ते माझ्या अंगावरून काढून घेतलं. मग भिंतीला कान लावला. पलीकडं खट्‌ खटाक्‌ चाललं होतं.

"नरसय्या भाऊजींचा माग चालतोय तवर भ्या न्हाय," ती म्हणाली. "रवंथ चाललाय."

५

त्या वॉर्डातली एकच बाई मला ठाऊक होती. नीलम्मा, अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली. मिरजेला असताना तिचा नवरा आणि मी एका झाडाखाली भाकरी खायचो, त्यानं गाव सांगितलं होतं. मी ठरवलं, तिला राजाबाईचा पत्ता विचारायचा. राजाबाईला हातापाया पडून घरी आणायचं. एकदा घोंगडं तिच्या खांद्यावर पडलं की झालं. यल्लव्वा म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी अंबुबाईपाशी बसते.

नीलम्मा दारात मिरच्या निवडत बसली होती. अंगानं भरली होती, केस पुन्हा चमकत होते. मला बघून उठली, पाणी दिलं, नवऱ्याला हाक मारली. अंबूची झोप गेली हे ऐकून तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, तिलाही घरी आल्यावर कितीतरी दिवस झोप नव्हती. "निद्दे बरलिल्ल री, भाऊ, झोपच येईना. सगळे म्हणायचे, आता काय झालंय तुला, बरी झालीस की. मी पडून राहायची, आढ्याकडं बघत. मग आली आपोआप. तिला पण येईल."

मी राजाबाईचं गाव विचारलं.

"राजाबाई कोण री?"

खिडकीजवळची, मी म्हणालो.

नीलम्माचे हात मिरच्यांत थांबले. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"ती खाट मोकळी होती, भाऊ. आम्ही होतो तोवर मोकळीच होती. अंबुबाई उठायची, त्या मोकळ्या उशीवर घोंगडं टाकायची, मग जाऊन झोपायची. आम्ही पहिल्यांदा हसायचो. म्हटलं, धनगरीण उशीला थंडी वाजू देत नाही. पण ती झोपायची बघा, आणि मग आम्हालाही झोप यायची."

मी विचारलं, मग पहाटे तिच्या खांद्यावर घोंगडं कोण टाकायचं?

"आमच्यातलीच कुणीतरी असेल."

"तुम्ही टाकलंत का कधी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली की नर्सबाई असेल. मग म्हणाली की अंबुबाई स्वतःच झोपेत उठून घेत असेल. मीही म्हणालो, तसंच असेल.

निघताना ती वेशीपर्यंत आली. तिथं हळू आवाजात म्हणाली की वॉर्डात गर्दी व्हायची, बाया खाली सतरंजीवर झोपायच्या, पण त्या खाटेवर कुणी गेलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी तिची गादी मधोमध दबलेली असायची.

६

एस.टी.त खिडकीशी बसून मी विचार करत आलो. मी शाळेत फार गेलो नाही, पण एवढं मला कळत होतं. अंबूला एकटीनं राखण पेलवत नव्हती, म्हणून तिच्या मनानं एक बाई उभी केली. मनानं उभी केलेली बाई मनानंच जाईल. मी खोटं बोलायचं ठरवलं. सांगायचं, राजाबाई भेटली, बरी आहे, नातवंडांत आहे. तिनं निरोप दिलाय की राखण माझ्याकडं दे. माझं बोलणं मुळात संथ, खोटं तर आणखी अडखळतं, म्हणून वाटभर मी ते वाक्य मनात म्हणत आलो.

उतरलो तेव्हा टळटळीत दुपार होती. गल्लीत माणूस नव्हतं. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची धडधड आणि त्यात आमच्या भिंतीकडचा नरसय्याचा माग मला वेगळा ओळखू येत होता. दार लोटलेलं होतं. उघडलं. उन्हातून आल्यामुळं आधी नुसता अंधार दिसला.

मग अंबू दिसली. अंथरुणावर कुशीवर पडली होती. एक हात गालाखाली, तोंड जरा उघडं. मी दारातच उभा राहिलो. मला वाटलं, गेली. मग तिचा श्वास ऐकला. लांब, खोल, शेवटी बारीक घोरणं. ती झोपली होती.

भिंतीला टेकून, रोज अंबू बसायची त्या जागी, यल्लव्वा बसली होती. घोंगड्याची खोळ डोक्यावरून पुढं ओढलेली, मान खाली. शब्दाला जागली बिचारी, असं मनात आलं. आणि हुशार किती. घोंगडं मागून घेतलं, मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं. मी हातानं खूण केली की बसा, उठू नका. ती हलली नाही.

मी अंबूच्या उशाशी बसलो. भिंत माझ्या पाठीमागं राहिली. अंबूच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. एक माशी तिच्या ओठाजवळ आली, ती मी हाकलली. मला रडू आलं, ते मी आवाज न करता रडून घेतलं. ठरवलेलं खोटं आता बोलायला नको होतं. किती वेळ बसलो ठाऊक नाही. तिचा श्वास, बाहेरची धडधड आणि भिंतीपलीकडं खट्‌ खटाक्‌.

आणि सगळं थांबलं.

वीज गेली, मी मनात म्हणालो. उन्हाळ्यात जायचीच. गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले म्हणजे वीजच गेली. मी अंबूला तिच्याच पदरानं वारा घालायला लागलो. दोन-तीनदा हात हलला असेल, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की नरसय्याचाही माग थांबला आहे.

नरसय्याचा माग विजेवर चालत नव्हता.

मी कान दिला. भिंतीपलीकडून बोलणं आलं. तेलुगूतलं, पण एवढं मला कळायचं. बाई विचारत होती, अहो, माग का थांबवला? तिनं पुन्हा विचारलं. तो आवाज यल्लव्वाचा होता.

मी मागं वळून बघितलं नाही. वळावंसं वाटलं, पण मान वळली नाही. अंबू झोपली होती. तिच्या पापण्यांखाली बुबुळं हळू हलत होती, कसलं तरी चांगलं स्वप्न असावं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि मला कळलं की माझा हात गार पडला आहे.

मागं कोणीतरी उठलं. गुडघे मोडल्याचा आवाज आला, फार दिवस बसून असलेल्या माणसाचा.

माझ्या खांद्यावर घोंगडं पडलं.

वजन ओळखीचं होतं. त्याला लोकरीचा वास होता आणि त्याच्या खाली दवाखान्याच्या फिनेलचा. मी वर बघितलं नाही, ती रीत नाही. पण मान खाली होती म्हणून पाय दिसले. माझ्या जवळून गेले. सोलापूरची धूळ, चैत्राची जमीन, आणि त्या पायांना धूळ नव्हती. टाचेला एक भेग नव्हती. तळवे मऊ, फिके, फार काळ जमिनीला न लागलेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे असतात तसे.

मला विचारायचं होतं, कशाची राखण आहे? कुठवर? आणि माझ्यानंतर मी हे कुणाच्या खांद्यावर टाकायचं? मी तोंड उघडलं. तेवढ्यात अंबूनं झोपेत कूस बदलली आणि निवांत सुस्कारा टाकला. ती झोप पुढं तिला पुष्कळ वर्षं पुरली. मी तोंड मिटलं, घोंगडं दोन्ही खांद्यांवर सारखं केलं आणि दाराकडं तोंड करून बसलो.

भिंतीपलीकडं माग अजून बंदच होता. ते पाय उंबऱ्याशी जरा थांबले, उंबरा ओलांडून उन्हात उतरले, आणि ती काही न बोलता निघून गेली.